मत्स्यापासून मानवापर्यंत : मेंदूच्या इतिहासाची काही पाने

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, ताम्रपट आणि बखरी उभ्या राहतात. आपल्या शहराच्या आसपास त्यांची वाणही नाही. एका बाजूला देवगिरी, दुसऱ्या बाजूला वेरूळ, आणि दक्षिणेस पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर सातवाहनांचे पैठण. परंतु आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे, त्याच्यापुढे सातवाहनांचा काळ म्हणजे काल संध्याकाळचा. हा इतिहास आपण सारे प्रत्येकी आपल्या खांद्यांवर वागवीत आहोत. तो आपल्या मेंदूचा इतिहास होय.

आरंभ पैठणापासूनच करू. पैठणासमोर, गोदावरीच्या दक्षिण तीरावर, मुंगी नावाचे गाव आहे. लोक दोन्ही गावांचे नाव एका दमात ‘मुंगी-पैठण’ असे घेतात. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षण खात्यातील वायन नावाच्या अधिकाऱ्याला १८६५ साली या मुंगीजवळ, नदीकाठच्या दगडगोट्यांच्या घट्ट थरात, अकीकाचा एक छोटा छिलका सापडला. छिलका म्हणजे मोठ्या दगडावर नेमका घाव घालून काढलेली धारदार चकती. खात्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८६८ साली त्यावर टिपण प्रसिद्ध केले. नष्ट झालेल्या जनावरांची हाडे ज्या थरांत मिळतात, त्याच प्रकारच्या थरात माणसाच्या हाताची खूण मिळावी, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. पुढे १९०५ साली पिलग्रिम या शास्त्रज्ञाने नाशिक जिल्ह्यातील नांदूर-मध्यमेश्वर येथे गोदावरीच्या गाळात मिळालेल्या प्रचंड हत्तीच्या अवशेषांचे वर्णन केले. आज त्या जातीला ‘पॅलिओलोक्सोडॉन नमॅडिकस’ असे नाव आहे. आजचा हत्ती तिच्यापुढे लहान दिसला असता.

आता एक प्रश्न मनात येतो. हत्तीचा मेंदू साडेचार-पाच किलोचा, माणसाचा सव्वा ते दीड किलोचा. मग छिलका माणसाने काढला, हत्तीने नाही, असे का? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला पन्नास कोटी वर्षे मागे जावे लागेल.

प्रथम एक शंका फेडू. मेंदू हा लोण्यासारखा मऊ अवयव आहे. प्राणी मेला की सर्वांत आधी कुजतो. मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या मेंदूविषयी शास्त्रज्ञ बोलतात ते कशाच्या आधारे? उत्तर असे की, मेंदू नाहीसा झाला तरी त्याची कोठडी राहते. कवटीच्या पोकळीत गाळ भरून तो दगड झाला, की त्या पोकळीचा साचा तयार होतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंनी हाडांत केलेल्या वाटाही तशाच राहतात. घरातील माणसे निघून गेली, पण दारे-खिडक्या आणि चुलीची जागा पाहून घर कोणाचे असेल हे जाणता सांगतो, तसाच हा प्रकार. मात्र येथे जपून चालावे लागते. सस्तन प्राण्यांचा आणि पक्ष्यांचा मेंदू कवटी बहुतेक भरून टाकतो, परंतु मासे आणि सरपटणारे प्राणी यांच्या कवटीत बरीच मोकळी जागा असते. तेथे साचा म्हणजे मेंदू असे समजणाऱ्याची फसगत होते.

या विद्येचा पाया ज्यांनी घातला त्यांत दोन नावे मुख्य आहेत. स्वीडनच्या एरिक स्टेन्सिओ यांनी स्पिट्सबर्गन बेटावरील बिनजबड्याच्या माशांचे दगड झालेले शिरोभाग घेतले, ते थराथराने घासले, प्रत्येक थराचे चित्र काढले आणि त्यांवरून मेणाची प्रतिकृती उभी केली. १९२७ साली त्यांचा ग्रंथ निघाला, तेव्हा चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या माशाच्या डोक्यातील नसन्‌नस जगाला दिसली. दुसरे नाव जर्मनीच्या टिली एडिंगर या विदुषीचे. ‘जीवाश्म मेंदू’ या विषयावरचा त्यांचा ग्रंथ १९२९ सालचा. त्या ज्यू होत्या. नाझी राजवटीत त्यांना देश सोडावा लागला आणि पुढचे काम त्यांनी अमेरिकेत, हार्वर्ड येथे केले. त्यांची आठवण पुढे पुन्हा येईल.

आपल्या कुळाचे सर्वांत जुने ज्ञात सभासद चीनमधील युन्नान प्रांतात सापडले. सुमारे बावन्न कोटी वर्षांपूर्वीचे, बोटाच्या पेराएवढे हे जीव. त्यांना जबडा नव्हता, हाडे नव्हती, परंतु डोके होते, आणि डोक्यावर डोळे होते. शरीराचे पुढचे टोक आधी नव्या पाण्यात शिरते. म्हणून वास, उजेड आणि धोका यांची वार्ता आधी तेथेच मिळते. वार्ताहर जेथे जमतात तेथेच कचेरी उघडावी लागते. मेंदू पुढच्या टोकाला का, याचे कारण एवढेच आहे.

बिनजबड्याच्या माशांपैकी आज फक्त लँप्रे आणि हॅगफिश हे दोन गट उरले आहेत. त्यांतील लँप्रेचा मेंदू फार बारकाईने अभ्यासला गेला आहे. सापासारखे शरीर, तोंडाच्या जागी दातेरी चोषक चकती आणि पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढा मेंदू. परंतु आश्चर्य असे की, त्यात अग्रमेंदू, मध्यमेंदू आणि पश्चमेंदू हे तिन्ही भाग आहेत. स्टॉकहोम येथील स्टेन ग्रिल्नर आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, अनेक हालचालींतून कोणती करावी आणि कोणती रोखावी हे ठरविणारी जी यंत्रणा आपल्या मेंदूच्या तळाशी आहे, तिचा मूळ आराखडा लँप्रेमध्येही आहे. कंपवाताच्या रोग्याचा हात ज्या यंत्रणेच्या बिघाडाने थरथरतो, तिचे घराणे निदान पन्नास कोटी वर्षांचे आहे. वाड्याची जोती कोणी घातली हे आता आपल्या ध्यानात येईल.

पण वाड्यात काय नव्हते तेही पाहू. लँप्रेमध्ये लहान मेंदू जेमतेम नावापुरता आहे, हॅगफिशमध्ये तोही दिसत नाही. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या आपल्या प्रत्येक कानात तीन, लँप्रेच्या कानात दोन, हॅगफिशच्या एकच. आणि सर्वांत महत्त्वाची उणीव म्हणजे त्यांच्या मज्जातंतूंवर मायेलिनचे वेष्टण नाही. मायेलिन म्हणजे विजेच्या तारेवर असते तसे स्निग्ध आवरण. ते नसेल तर संदेश सेकंदाला काही मीटर एवढ्याच वेगाने जातो. ते असेल तर जाड तंतूंतून तो शंभर मीटरपर्यंत धावतो. जबडा, तिसरी नळी, खरा लहान मेंदू आणि मायेलिन या चार गोष्टी आपल्याला जबड्याच्या माशांत एकत्र दिसतात. याचा अर्थ उघड आहे. आता एक जीव दुसऱ्याचा पाठलाग करू लागला होता. झडप घालायची असो वा चुकवायची असो, वेग हवा, तोल हवा, नेम हवा. आपण सायकल चालवतो, फुगडी खेळतो, तबल्यावर बोट टाकतो, तेव्हा तो लहान मेंदूच आपल्या कामी येतो.

माशांची ही परंपरा गोदावरीच्या खोऱ्यातही दगडांत नोंदलेली आहे. गोदावरीला जेथे प्राणहिता मिळते, त्या सिरोंचाजवळ कोटा नावाचे गाव आहे. तेथील चुनखडीत चकचकीत, कौलांसारख्या खवल्यांचे मासे मिळतात. त्यांतील एकाला १८५१ साली ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ असे आपल्या दख्खनचे नाव मिळाले.

पाण्यातून जमिनीवर येणाऱ्या जीवांचे दुवे सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. जमिनीवर आल्याने मेंदू एकदम वाढला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. बेडकाचा मेंदू पाहिला तर तो फारसा मोठा नाही, लहान मेंदू तर उलट बारीक झालेला आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीत, दख्खनच्या लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात, इवल्या बेडकांचे सांगाडे मिळाले. १८४७ साली इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. ते बेडूक सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे, आणि तरी आजच्या पावसाळी बेडकापेक्षा फार निराळे नाहीत. एवढ्या काळात त्यांचा मेंदू का वाढला नाही, असे विचारणाऱ्याला निसर्गाचे उत्तर एकच : त्यांचे अडले नाही. मेंदू हा महागडा अवयव आहे. गरज नसताना तो पोसणे कोणालाच परवडत नाही.

त्याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात बारापासॉरस हा अजस्र सरट सापडला. त्याची हाडे शेकड्यांनी मिळाली, पण कवटी मिळाली नाही. मेंदूच्या इतिहासकाराचे दैव हे असे. पण त्याच खोऱ्यातील कोटा थरांतून शास्त्रज्ञांनी चाळणीने गाळ गाळून टाचणीच्या डोक्याएवढे काही दातही वेचले. ते दात आद्य सस्तन प्राण्यांचे आहेत. एकाचे नाव ‘कोटाथेरियम’, दुसऱ्याच्या दाताचा आकार पाहून ‘त्रिशूलोथेरियम’. सरटांच्या पायांखाली उंदराएवढे, चिचुंदरीएवढे हे जीव वावरत होते. त्यांचे दिवसाचे जग सरटांनी व्यापलेले, म्हणून बहुधा ते रात्री हिंडत.

रात्रीच्या जगात डोळ्यांचा उपयोग थोडा, नाकाचा आणि मिशांचा अधिक. चीनमधील त्या काळाच्या सस्तन जीवांच्या कवट्या २०११ साली क्ष-किरणांनी तपासल्या गेल्या, तेव्हा नेमके हेच दिसले. आधी वासाचा भाग फुगला, मग केसांतून येणाऱ्या स्पर्शाचा, आणि त्याबरोबर हालचाली जुळवणारा. मोठ्या मेंदूवरची सहा पदरी साय, जिला नवबाह्यक म्हणतात आणि जिच्या जोरावर आपण गणित करतो व अभंग रचतो, ती अंधारात किडे हुंगत फिरणाऱ्या चिचुंदरीसारख्या जीवांनी आपल्याला दिलेली आहे. पूर्वजांविषयी अभिमान बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

येथवर ऐकल्यावर आपल्यापैकी अनेकांना दशावतार आठवले असतील. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन अशी चढती पायरी. ही तुलना मनोरम आहे, पण तिच्यात एक धोका आहे. ती आपल्याला शिडी दाखवते. खालच्या पायरीवर मासा, मग बेडूक, मग सरडा, आणि वरच्या पायरीवर आपण. शास्त्रज्ञही या शिडीच्या मोहात सापडले होते. टिली एडिंगर यांचे वडील लुडविग एडिंगर हे मोठे मेंदूशास्त्रज्ञ. मेंदू मजल्यावर मजला चढवीत वाढला, असे त्यांच्या काळापासून मानले जाई. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या पॉल मॅक्लीन यांनी त्यावरून तीन मेंदूंची कल्पना मांडली. तळाशी सरड्याचा मेंदू, त्यावर आद्य पशूचा, आणि वर विचारी माणसाचा. ही कल्पना इतकी सोपी की आजही व्यासपीठांवरून सांगितली जाते. पण ती टिकलेली नाही. आपण पाहिले की लँप्रेमध्येही तिन्ही भाग आहेत. मजले नंतर चढले नाहीत, सगळेच दालन मुळापासून होते. कोणी स्वयंपाकघर वाढवले, कोणी ओसरी वाढवली, एवढाच फरक.

शिडी मोडली ती दोन पुराव्यांनी. पहिला टिलीबाईंचा. १९४८ साली त्यांनी घोड्याच्या मेंदूचा इतिहास लिहिला. पाच-सहा कोटी वर्षांतील घोड्यांच्या पूर्वजांच्या कवट्यांचे साचे त्यांनी ओळीने मांडले आणि दाखविले की घोड्याचा मेंदू घोड्याच्याच वाटेने वाढला. तो माणूस होण्याच्या वाटेवर कोठेही नव्हता. वडिलांच्या पिढीची समजूत लेकीने दुरुस्त केली. दुसरा पुरावा पक्ष्यांचा. पक्ष्यांना नवबाह्यक नाही, म्हणून ते केवळ उपजत बुद्धीने वागतात असे मानले जाई. परंतु कावळ्याची आणि पोपटाची हुशारी आपल्या आजीला ठाऊक होती, ती शास्त्राला उशिरा पटली. त्यांच्या मेंदूत पेशी इतक्या दाट बसविलेल्या आहेत की अक्रोडाएवढ्या मेंदूत कित्येक माकडांइतकी पेशीसंख्या मावते. २००४-०५ च्या सुमारास पक्ष्यांच्या मेंदूतील भागांची जुनी, हिणवणारी नावे शास्त्रज्ञांनी एकमताने बदलली. वृक्षाला अनेक फांद्या असतात. आपण त्यातील एका फांदीवर आहोत, शेंड्यावर नाही.

आता आपल्या फांदीकडे वळू. वानरकुळ झाडांवर वाढले. फांदीवरून फांदीवर उडी घेणाऱ्याला अंतर अचूक कळले पाहिजे, म्हणून डोळे समोर आले आणि मेंदूतील दृष्टीचा भाग वाढला. गोदावरीच्या हत्तीचे वर्णन करणाऱ्या पिलग्रिम यांनीच १९१० साली शिवालिक टेकड्यांतील ‘शिवपिथेकस’ या प्राचीन कपीला नाव दिले. आफ्रिकेत १९२४ साली टाँग येथे एका बालकपीची कवटी मिळाली आणि तिच्यासोबत मेंदूचा नैसर्गिक दगडी साचा. रेमंड डार्ट यांनी तो ओळखला. त्याचे आकारमान चारशे घन सेंटिमीटरच्या आसपास, चिंपांझीएवढेच, पण तो जीव दोन पायांवर चालत होता. म्हणजे आधी पाय सरळ झाले, हात मोकळे झाले, डोके मागाहून वाढले. पुढच्या वीस-पंचवीस लाख वर्षांत सहाशे, नऊशे, हजार असे करीत ते आजच्या साडेतेराशेच्या आसपास आले. आपल्या देशातील पुरावा नर्मदाकाठचा. मध्य प्रदेशात हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. तिच्या आकारमानाचे अंदाज ११५५ पासून १४२१ घन सेंटिमीटरपर्यंत केले गेले आहेत.

आता हत्तीचे उत्तर देता येईल. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील पेशी मोजण्याची एक युक्ती काढली. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, आणि आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज, म्हणजे तिप्पट! परंतु हत्तीच्या त्या पेशींपैकी जवळजवळ सर्व लहान मेंदूत आहेत. मोठ्या मेंदूच्या बाह्यकात सुमारे साडेपाच अब्ज, तर माणसाच्या बाह्यकात सोळा अब्ज. वजनाने काही ठरत नाही. पेशी कोठे आहेत आणि एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, याला महत्त्व. मुंगीचा तो छिलका काढणाऱ्याला आधी गोटा निवडावा लागला, त्याची कड तयार करावी लागली, पुढचा घाव मनात योजावा लागला. आजच्या प्रयोगकर्त्यांनी दगड घडविणाऱ्यांचे मेंदू तपासले, तेव्हा भाषेच्या कामाशी निगडित असलेले काही भागही त्या कामात गुंतलेले दिसले. क्रमाने घाव घालणे आणि क्रमाने शब्द जुळवणे, यांचे नाते जवळचे दिसते.

पण वजनाचा मोह माणसाला सुटला नाही, आणि त्यातून अनर्थ झाला. एकोणिसाव्या शतकात युरोपातील पंडितांनी कवट्यांत मोहरी आणि छर्रे भरून निरनिराळ्या लोकांची किंमत ठरवण्याचा उद्योग मांडला. गोरे वर, काळे खाली, स्त्रिया पुरुषांच्या खाली. पुढे असे आढळले की रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांचा मेंदू दोन किलोंहून किंचित जास्त भरला, आणि फ्रान्सचे नोबेल पारितोषिकविजेते आनातोल फ्रान्स यांचा सुमारे एक किलो. दोघेही थोर लेखक. तराजू लाजला, पण पंडित लाजले नाहीत.

या संदर्भात एका मराठी नावाचा उल्लेख करणे माझे कर्तव्य आहे. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण इरावती कर्वे यांना ओळखतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये मानवशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. हे फिशर पुढे नाझींच्या वंशवादाचे आधारस्तंभ ठरले. युरोपीय माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू विशिष्ट तऱ्हेने असमान असते आणि तिच्यात त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे कारण आहे, असा त्यांचा कयास. तो पडताळण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष लिहिला की असमानतेचा वंशाशी संबंध नाही. परदेशात, परभाषेत, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, एका भारतीय तरुणीने आकड्यांशी इमान राखले. त्याच सुमारास फ्रँकफुर्टमध्ये टिली एडिंगर आपल्या दगडी मेंदूंचा ग्रंथ सिद्ध करीत होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळाचे चित्र पुरे होते.

मग माणसाचे वैशिष्ट्य कशात? माझ्या मते त्याच्या लांब बालपणात. जन्मतः आपला मेंदू प्रौढ मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो. बाकीचा तो आईच्या मांडीवर, अंगणात, शाळेत वाढतो. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीतील शक्तीचा पाचवा हिस्सा खातो. पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू तर विश्रांतीच्या शक्तीतील निम्म्याहून अधिक वाटा घेतो. एवढा खर्च एकटी आई पेलू शकत नाही. आजी, मावशी, शेजार, गाव, सर्वांनी मिळून मूल वाढवावे लागते. नेवाशाला डॉ. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ पासून उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली दोन रांजणांची तोंडे जुळवून पुरलेली लहान मुले मिळाली. दूर स्मशानात न नेता, घरातच. त्या माणसांच्या मेंदूविषयी मला वेगळा पुरावा नको.

म्हणून या इतिहासाचा बोध शेवटी आपल्या अंगणात येतो. पन्नास कोटी वर्षांनी जे भांडवल प्रत्येक मुलाच्या डोक्यात ठेवले आहे, ते पहिल्या पाच वर्षांत उपासमारीने खुंटू शकते. मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना तो सांगावा लागत नाही. वस्तीतील मुलाला पोटभर जेवण, कानावर चार शब्द आणि हातात पाटी मिळाली नाही, तर दोष त्याच्या कवटीला देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पैठणला ज्ञानदेवादी भावंडे शुद्धिपत्र मागण्यास गेली, तेव्हा जन्मावरून त्यांची लायकी ठरविण्यास सभा बसली होती, आणि ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखी वेद वदविले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. रेडा वेद बोलला की नाही, हा प्रश्न मी शास्त्राकडे नेणार नाही. पण ज्याच्या-त्याच्या जन्मावरून आणि डोक्याच्या मापावरून त्याची किंमत ठरवू नये, हा त्या कथेचा अर्थ असेल, तर लँप्रेपासून मानवापर्यंतचा सगळा पुरावा त्या कथेच्या बाजूने उभा आहे.